हाइनरिश किती आणि गादीवर कोण?

एकाने विचारलंय की जर्मनीतल्या रॉइस या राजघराण्याच्या धाकट्या पातीत (शाखेत) वडील चौदावे हाइनरिश, मुलगा सत्ताविसावा, नातू पंचेचाळिसावा. मग मधले राजे गेले कुठे? कुठेच नाही, कारण तो क्रमांक राज्याभिषेकाचा नाहीच, जन्माचा आहे. पवित्र रोमन सम्राट सहावा हाइनरिश याच्या सन्मानार्थ या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिशच. चुलत, धाकटे, तान्हेपणी गेलेले, सगळे एकाच मोजणीत. थोरली पाती शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करायची, धाकटी पाती नवं शतक लागलं की. वंशावळ वाचताना नावापुढे जन्मसाल लिहून ठेवाच, नाहीतर दोन शतकांतले दोन हाइनरिश हमखास एक होतात.

मला खरी हळहळ वाटते ती ग्राइत्सच्या थोरल्या पातीची. 1902 मध्ये बाविसावे हाइनरिश वारले. पाच मुली आणि एकुलता एक मुलगा, चोविसावा. पण लहानपणीच्या अपघातामुळे तो कारभार पाहू शकत नव्हता. मुलींना गादी नाही, त्यामुळे गादी त्याच्या नावावर राहिली आणि कारभार गेराच्या, म्हणजे धाकट्या पातीच्या भाऊबंदांकडे गेला: आधी चौदावे, मग त्यांचे चिरंजीव सत्ताविसावे. 1918 मध्ये दोन्ही राज्यं संपली, 1927 मध्ये चोविसावा अविवाहित वारला आणि थोरली पाती खुंटली. त्याच्याच बहिणीशी, हर्मिनेशी, पदच्युत जर्मन कैसर (सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मने 1922 मध्ये दुसरं लग्न केलं.

पंचेचाळिसाव्याला 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने पकडून नेलं, तो परतलाच नाही. आजचे रॉइस धाकट्या पातीतल्याच क्योस्ट्रित्स शाखेचे.