भाभांच्या आठवणीत ऑपेरा, का नको?

कुणीतरी विचारलंय की अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या स्मरणार्थ ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या, गाण्यांचा कार्यक्रम कशाला, एखादं व्याख्यान ठेवायचं ना. अहो पण त्यांना या संगीताचं वेडच होतं! केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि तिथे मोझार्टच्या 'इडोमेनिओ' या ऑपेराचे सेट डिझाइन केले, चित्रं काढायचे ते वेगळंच. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर विमान कोसळलं तेव्हा फक्त ५६ वर्षांचे होते हो, आजही वाचताना काळजात कालवतं. पुढे त्यांचे भाऊ जमशेद भाभांनी मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र उभं केलं, आणि १९९९ मध्ये तिथे ऑपेरा करता येईल असं मोठं थिएटर झालं. त्यामुळे कार्यक्रमात एक सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) आणि सोबत नुसता पियानो असला तरी मला ते भाभांना साजेसंच वाटतं, फक्त मोझार्टची एक तरी आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं, हवीच हवी.