वस्तू शोधायचे गेम: रेंज नसताना कुठला?

कृष्णाकाठ, सांगली: पुण्याच्या रेल्वेत आदर्कीच्या घाटात रेंज जाते. तेव्हा मोबाईलवर चालेल असा हिडन ऑब्जेक्ट गेम सुचवा. एनर्जी (खेळायला लागणारे पॉइंट) संपली की थांबा, हा प्रकार नको.

साताराकर: मग 'जून्स जर्नी' बाद. 2017 चा, चित्रं सुरेख, पण प्रत्येक सीनला एनर्जी जाते. त्यापेक्षा आर्टिफेक्स मुंडी या कंपनीचे एकदाच विकत घ्यायचे गेम बघा. घरच्या वायफायवर पूर्ण उतरवा, मग फ्लाइट मोड लावून एकदा उघडून पाहा.

मिरजेची ताई: अंदाधुंद टॅप करू नका राव! बऱ्याच गेममध्ये चुकीचे टॅप वाढले की काही सेकंद खेळ अडतो. आधी कडा बघा, मग सावल्या. लांबट वस्तू खांबाला, चौकटीला चिकटवून लपवतात. असल्या विकतच्या गेममध्ये हिंट आपोआप परत भरते. साठवून काय लोणचं घालायचंय?