प्रतिसाद: आधी जुन्या पार्टवरचा नंबर वाचा

पार्ट खराब झाला की मूळ कंपनीचा पार्ट येईपर्यंत मशीन बंदच ठेवावं लागतं, हे वर लिहिलेलं मला तितकंसं पटलं नाही. बऱ्याच मशीनमधली बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट प्रमाणित मापाचीच असतात. मशीनवाला त्यावर फक्त आपला पार्ट नंबर चिकटवतो. जुनं बेअरिंग पुसा, कडेवरचा नंबर वाचा. ६२०५ असेल तर आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिमी. मग कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालतं. मात्र नंबरापुढची अक्षरं सोडू नका. सी३ म्हणजे आत जास्त क्लिअरन्स, म्हणजे गोळ्या आणि रिंगांमध्ये जास्त मोकळी जागा. गरम चालणाऱ्या मोटरला त्याऐवजी साधं बसवलं तर ते आवळून पुन्हा जातं. (रात्रपाळीत घाईघाईने मी हे करून बसलोय.) सीलचं माप जुळलं तरी रबर कुठलं ते बघा, नायट्राइल हे सीलचं नेहमीचं रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपुढे फार टिकत नाही.

शाफ्टच (फिरणारा दांडा) घासला असेल तर नवा शोधण्याआधी टर्नरला (लेथवाल्याला) दाखवा. वेल्डिंगने भरून टर्निंग किंवा स्लीव्ह (घासल्या जागी बसवायची पातळ नळी), दोन्ही होतं. मी शक्यतो स्लीव्हच घेतो, वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकतो. भरलाच तर डायल गेज लावून शाफ्ट सरळ आहे का तपासा. आणि नवा पार्ट नीट चालेपर्यंत जुना भंगारात टाकू नका.