मॉडेल रॉकेटला मोटरसाठी आतली नळी लागतेच का? आधी बॉडीचा व्यास सांगा

मोटर (रॉकेटला जोर देणारी दारूची तयार नळकांडी) वेगळ्या नळीत न बसवता, तिच्यावर कागद गुंडाळून ती थेट बॉडीत घट्ट बसवली तर चालेल का, असा एकाचा प्रश्न आहे. बॉडीचा आतला व्यास मोटरएवढाच, म्हणजे 18 मिमी असेल, तर वेगळी नळी लागत नाही. पण मोटरच्या पुढे कार्डबोर्डची थ्रस्ट रिंग चिकटवायलाच हवी. सी6 ही 18 मिमीची मोटर पेटताच 14 न्यूटनच्या आसपास जोर लावते. रिंग नसेल तर मोटर पॅराशूटला ढकलत नाकाकडे सरकते.

तुमची बॉडी मात्र 40 मिमीची आहे. तिथे कागदाची गुंडाळी नकोच. मोटर तिरकी बसते, रॉकेट वाकडं जातं. इजेक्शन चार्ज, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणारी मोटरमधली दारू, उडाला की सैल मोटरच मागे फेकली जाते, पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट नाकावर आपटतं.

नळी घरी करायची तर उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर 18 मिमीचा गुळगुळीत रॉड करून घ्या. त्यावर आधी प्लॅस्टिकचा एक वेढा, मग फेविकॉल लावलेला क्राफ्ट पेपर; भिंत अर्धा मिमी पुरे. नळी बॉडीच्या मधोमध धरायला तिच्यावर दोन सेंटरिंग रिंगा, एक पुढे, एक मागे. पुढच्या रिंगेभोवती फेविकॉलची कड सलग हवी, फट राहिली तर इजेक्शनचा गॅस मागे गळतो. माउंट, म्हणजे रिंगांसकट ही नळी, बॉडीत एका दमात सरकवा; मध्ये थांबलात तर फेविकॉल धरतो आणि मग ते हलत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात नळी दमट होऊन फुगते, म्हणून आतून सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवायला लावतात तो) पातळ हात द्या. मोटर मात्र कारखान्यातलीच घ्या.