हॅचरीतील प्रजनक मासे: दोष खाद्याचा की रक्ताचा?

प्रश्न (भांडुप): कर्जतजवळ आमची रोहू-कटल्याची लहान चायनीज हॅचरी (गोल टाक्यांत पाणी फिरते ठेवून अंडी घेण्याची व उबवण्याची जागा) असून तिचा कारभार मी मुंबईतून पाहतो. बोटुकलीची (बोटाएवढ्या पिल्लांची) विक्री आटोपल्यावर तलावात जे मासे उरतात, त्यांतूनच पुढचे प्रजनक (बीज घेण्यासाठी ठेवलेले नर-मादी) राखण्याचा आमचा प्रघात आहे. अलीकडे अंडी फलित होण्याचे प्रमाण घटले असून बोटुकली सारखी वाढत नाही, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा नियमित दिला जातो. मग चुकते कुठे?

उत्तर (वर्सोवा): खरी गोम त्या प्रघातातच आहे. जोमाने वाढलेले मासे आधी विकले जातात आणि मंद वाढीचे मागे राहतात, त्यामुळे आपण नकळत मंद वाढीचीच निवड करत आला आहात. नरही मोजून पाहा. ४० माद्यांना १० नर वापरल्यास आनुवंशिकदृष्ट्या तो कळप ५० चा नव्हे, ३२ चाच ठरतो, कारण पिल्लांचा निम्मा वारसा त्या १० नरांकडूनच येतो; आणि दर पिढीत अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातल्या माशांचे मीलन, ज्याने फलन व वाढ खालावते) सुमारे १.६ टक्क्यांनी वाढते. २५ नर व २५ माद्या असत्या तर ही वाढ १ टक्का झाली असती. हाही कागदावरचा हिशेब झाला, कारण गोल टाकीत मोजकेच नर बहुतेक अंडी फलित करून जातात.

प्रश्नकर्ता: नर कमीच असतात, हे खरे. हंगामाच्या धांदलीत हाताला लागतील ते घेतले जातात.

उत्तर (ठाणे): नर पारखताना छातीकडचा पर खरखरीत लागतो की नाही आणि पोटावर हलका दाब देताच दुधासारखे शुक्रद्रव येते की नाही, हे पाहावे. दुसरे असे, की रोहू व कटला एकाच टाकीत सोडले असल्यास संकर झालेला असू शकतो. कटल्याचे मोठे डोके व वर वळलेले तोंड आणि रोहूचे झालरीसारखे ओठ यांच्या अधलेमधले रूप दिसणारा मासा कितीही गुबगुबीत असला तरी प्रजनकांतून काढून टाकावा.

उत्तर (वर्सोवा): नवे रक्त शेजारच्या हॅचरीतून आणू नये, त्यांचे मूळ बीज बहुधा आपल्याच घराण्यातले निघते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ पासून निरनिराळ्या नद्यांतील रोहू एकत्र करून निवडीने जयंती रोहू विकसित केला आहे. त्या वाणाचे बीज खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. मात्र जुना संच एकदम मोडीत काढू नका. रोहू साधारण दुसऱ्या वर्षी आणि कटला तिसऱ्या वर्षी पक्व होतो, तोवर हंगाम जुन्यांवरच काढावा लागेल.