ब्लूग्रासला ड्रम लागत नाही

पाचवी तार (धागालेखक)

गेल्या आठवड्यात आमच्या इथे, व्हर्जिनियात, एका कार्यक्रमाला गेलो होतो. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘ब्लूग्रास’ लिहिलेलं. मंचावर पाहतो तर अख्खा ड्रमसेट, बँजोला पिकअप (तारांचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे नेणारं यंत्र), बास इलेक्ट्रिक. पोरं तयारीची होती, हात चांगले चालत होते. पण मेंडोलिन वाजवणारा मुलगा काहीतरी जीव तोडून वाजवतोय हे नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मध्यंतरात मी बाहेर पडलो. आपल्याला नक्की काय खटकलं याचा विचार घरी येईपर्यंत चालू होता. तोच इथे मांडतो. माझं मत असं: ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर आले की ते संगीत उत्तम असू शकतं, पण ते ब्लूग्रास उरत नाही.

ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लूग्रास हा अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा एक प्रकार. केंटकीतल्या रोझीन गावचे बिल मन्रो (१९११–१९९६) हे याचे जनक. केंटकीला ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात, म्हणून त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, आणि त्यावरून या संगीताचं नाव. डिसेंबर १९४५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा २१ वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्यांच्यात आला. लेस्टर फ्लॅट गिटारवर, चबी वाइज फिडलवर (म्हणजे व्हायोलिनच), हॉवर्ड वॉट्स बासवर, स्वतः मन्रो मेंडोलिनवर. या पाच जणांनी सप्टेंबर १९४६ मध्ये शिकागोत केलेलं ध्वनिमुद्रण आजही मापदंड मानलं जातं. पाच वाद्यं, सगळी लाकडाची आणि तारांची.

मग ठेका कोण धरतं? मेंडोलिन. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, मेंडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या. चारही जोडतारांवर एकदम आघात करायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडायची. नाद जागीच तुटतो आणि कोरडा ‘चक्’ असा आवाज येतो. याला ‘चॉप’ म्हणतात. आता गंमत पाहा. मेंडोलिनची एकट्याने वाजवायची पाळी आली की हा चॉप बंद पडतो, कारण तो हात आता सुरावटीत गुंतला. मग बँजोवाला किंवा फिडलवाला न सांगता ते काम उचलतो. ठेका असा हातोहात फिरतो. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही.

दक्षिण व्हर्जिनियात गॅलॅक्स नावाचं गाव आहे. १९३५ पासून तिथे ऑगस्टमध्ये फिडलवाल्यांचं संमेलन भरतं. मंचावर स्पर्धा चालते, पण मी जातो ते फेल्ट्स पार्कच्या मैदानावर गाड्या आणि तंबूंमध्ये रात्रभर चालणाऱ्या बैठकींसाठी. एका बैठकीत सत्तरीचे एक आजोबा फिडल घेऊन होते आणि दहाबारा वर्षांची एक मुलगी मेंडोलिन घेऊन. आजोबांनी पट्टी सांगितली, गाणं सुरू झालं, पाळी फिरत फिरत मुलीपाशी आली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं, पाळी पुढे गेली. पुढच्या फेरीत पुन्हा पाहिलं, आणि या वेळी ती वाजवायला लागली. तिचा हात नवखा, आवाज बारीक. पुढच्या दोन-तीन मात्रांत बाकी सगळ्यांनी आपापला हात हलका केला. गिटारवाल्याने तर तारांना जेमतेम स्पर्श ठेवला. तिने आठच ओळी वाजवल्या, पण त्यातला एकेक सूर मला ऐकू आला.

हे काम साउंडवाल्याने बटण फिरवून करायचं नसतं. दुसऱ्यासाठी जागा करणं हाच या संगीताचा पाया आहे, आणि ड्रम आला की आधी तीच बुजते. तुम्हाला काय वाटतं?

रानवाटा

लेख मनापासून आवडला, पण मुद्दा पटला नाही.

तुम्ही १९४६ मोजता. मी एक वर्ष मागे जातो. १९४५ च्या ध्वनिमुद्रणात याच ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये अकॉर्डियन आहे. सॅली अ‍ॅन फॉरेस्टर या बाई ते वाजवत होत्या. म्हणजे जनकालाच तेव्हा पाच वाद्यांचा नियम ठाऊक नव्हता. पुढे एल्विस प्रेस्लीने १९५४ मध्ये मन्रोंचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ स्वतःच्या ढंगात गायलं. मूळ गाणं संथ, तीन मात्रांच्या वॉल्ट्झमधलं. एल्विसने ते चार मात्रांत पळवलं. मन्रो रागावून बसले का? त्यांनी त्याच वर्षी ते गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झमध्ये आणि मग एकदम चार मात्रांची धाव. ज्याला तुम्ही परंपरा म्हणता ती तिच्या कर्त्याने स्वतः मोडून पुन्हा बांधली.

आणि स्क्रग्ज? १९६९ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज वेगळे झाले ते बऱ्याच अंशी याच वादावरून. फ्लॅटना जुनं वळण हवं होतं, त्यांनी ‘नॅशव्हिल ग्रास’ काढलं. स्क्रग्जनी आपल्या मुलांना सोबत घेतलं, आणि त्या वृंदात ड्रम होता, इलेक्ट्रिक वाद्यं होती. तीन बोटांचा बँजो ज्या माणसाने जगाला दिला, त्यालाच तुम्ही ब्लूग्रासच्या बाहेर काढणार का?

बारीक सूर

धागालेखकाशी सहमत. मी गेली चार वर्षं बँजो शिकतोय, म्हणून एक भर घालतो. स्क्रग्जच्या पद्धतीत अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात नख्या घालतात आणि आठ सुरांत तीन-तीन-दोन असे गट पाडतात. त्यामुळे वजन दर वेळी अनपेक्षित जागी पडतं. शिवाय पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्यावर मध्येच. ती सतारीच्या चिकारीसारखी मधूनमधून टणकन वाजत राहते. ड्रमचा ठेका वरून पडला की हे तीन-तीन-दोनचं हेलकावणं सपाट होतं. घरी ड्रमचा ट्रॅक लावून पाहिलं आहे. अंगठ्याचं वजन कुठे गेलं तेच कळत नाही.

अजून एक. मन्रोंचं १९२३ सालचं मेंडोलिन १९८५ मध्ये कुणीतरी त्यांच्या घरात शिरून शेकोटीच्या सळईने फोडलं. वाद्यं बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या चार्ली डेरिंग्टन या कारागिराने बारीकबारीक चिरफळ्या जुळवून ते उभं केलं आणि मन्रोंनी ते पुन्हा हातात घेतलं. पैसे टाकून त्यांना नवं वाद्य मिळालंच असतं. पण त्या लाकडाचा आवाज त्या लाकडापाशीच होता. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

गव्हाळ

मला वाद्यांपेक्षा ‘पारंपरिक’ या शब्दाची जास्त काळजी वाटते. मन्रो लहानपणी ज्यांच्यामागे नाचाच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करायचे ते आर्नोल्ड शुल्ट्झ कृष्णवर्णीय होते, कोळशाच्या खाणीत राबलेले. आपल्या वाजवण्यात शुल्ट्झ आहेत हे मन्रो स्वतः सांगत. १९३१ मध्ये शुल्ट्झ गेले. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही, एकही नाही. आणि बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तिकडच्या वाद्यांच्या आठवणीवर घडवलेलं वाद्य. तरी ‘पारंपरिक ब्लूग्रास’ म्हटलं की डोळ्यांसमोर टोपी-टायवाले पाच गोरे पुरुषच उभे राहतात. हेझल डिकन्स आणि अ‍ॅलिस जेरार्ड या दोघींनी १९६० च्या दशकात स्वतःच्या नावाने हे संगीत गायलं, त्यांचं नाव या धाग्यात अजून कुणी घेतलेलं नाही. शुद्धतेची रेघ ओढताना ती कुणाच्या अंगावरून जाते ते बघा, एवढंच म्हणणं.

पाचवी तार

@गव्हाळ, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि शुल्ट्झचं नाव मूळ लेखात यायला हवं होतं. ती माझी चूक. मी रेघ माणसांवर ओढत नाही. गॅलॅक्सच्या त्या बैठकीत मी ब्रीफकेस घेऊन फिरणारा सावळा माणूस म्हणून बाजूला उभा होतो, तेव्हा एका बाईंनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि गिटार वाजवता येतं का म्हणून विचारलं. त्या खुर्चीमुळे मी आज हे लिहितोय.

@रानवाटा, अकॉर्डियनचा मुद्दा बिनतोड आहे. पण एक बघा. अकॉर्डियन हेही बाकीच्यांचं ऐकत, हात आवरत वाजवायचं वाद्य. ते आलं आणि गेलं, पण वाजवणाऱ्यांचं एकमेकांशी नातं होतं तसंच राहिलं. वॉल्ट्झचे चार मात्रांत जाणंही तसंच: गाण्याचा अंगरखा बदलला, पाच जणांची बैठक नाही मोडली. स्क्रग्जनी १९६९ नंतर जे केलं त्याचा मला आदर आहे. मुलांसोबत वाजवायची त्यांची ओढ खरी होती. पण मी १९४६ चा स्क्रग्ज ऐकतो तेव्हा त्याच्या मागचा फ्लॅटचा गिटार ऐकू येतो, ओळ संपताना खालच्या तारांवरून धावत येणारी ती लहानशी तान ऐकू येते. नंतरच्या ध्वनिमुद्रणांत मला तेवढं खोल जाता येत नाही.

सोबत

मग झाकिरभाईंचं काय करायचं? बेला फ्लेक हा ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या वृंदातून आलेला बँजोवादक. त्याने झाकिर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबर केलेल्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तबला हे तालवाद्यच आहे ना? आणि त्यात बँजोचा एकेक सूर ऐकू येतो. मुंबईचा तबला आणि बासरी बँजोशेजारी इतकी नीट बसत असेल तर दोष ड्रमचा नाही, ऐकून न घेणाऱ्या वादकाचा आहे.

पाचवी तार

@सोबत, या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे आणि मी ते पुन्हापुन्हा ऐकतो. झाकिरभाई बँजोच्या खाली इतक्या हळुवार बोटांनी जातात की चिकारीसुद्धा झाकत नाहीत. पण त्याला ब्लूग्रास म्हणावं असं मला वाटत नाही. आणि फ्लेकनेच २०२१ मध्ये खास ब्लूग्रासचं म्हणून जे काम केलं, तिथे तो बँजो, मेंडोलिन, फिडल, गिटार, बास याच घोळक्यात परतला. त्यालाही दोन घरं वेगळी वाटत असावीत.

रानवाटा

काल रात्री १९५४ चं ते ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐकलं, फक्त चॉपवर लक्ष ठेवून. वॉल्ट्झ संपून धाव सुरू होते तिथे मेंडोलिनचा ‘चक्’ स्पष्ट येतो, आणि तो थांबला की पोकळी जाणवते. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. ड्रमबद्दलचं मत बदललेलं नाही. पण ऑगस्टमध्ये गॅलॅक्सला गाडीत एक जागा असेल तर सांगा. माझ्याकडे गिटार आहे, पट्टी कुठलीही चालेल.