झोंबी आधी गुलाम होता

झोंबीपट, म्हणजे उठून चालणाऱ्या मुडद्यांचे सिनेमे, १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून सुरू झाले, असं म्हटलं जातं. झुंडीने येऊन माणसं खाणारा झोंबी तिथलाच, हे मान्य. (त्यात 'झोंबी' हा शब्द मात्र एकदाही येत नाही!) पण मूळ झोंबी कॅरिबियनमधल्या हैती देशाचा.

तिथल्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना मरण म्हणजे सुटका वाटे. मेल्यावरही कुणी उठवून कामाला जुंपेल, ही खरी धास्ती. १९३२च्या 'व्हाइट झोंबी'त साखर कारखान्याचा प्रसंग आहे. तिथे झोंबीच राबतात. टोपली घेऊन चालणारा एक जण चरकात पडतो. किंकाळी नाही, काही नाही. चरक फिरवणारे थांबतसुद्धा नाहीत. नंतरच्या कितीतरी रक्तबंबाळ सिनेमांपेक्षा मला तोच प्रसंग जास्त हादरवतो. तिथे भीती झोंबीची नाही, झोंबी होण्याची वाटते.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये मुडद्यांना राबवणारा धनीच काढून टाकला. त्याचे मुडदे कुणाच्या हुकमाचे ताबेदार नाहीत, आणि मेलेलं आपलंच माणूस उठून उभं राहतं. त्याच्या सिनेमातली तळघरातली आजारी मुलगी पाहा. मेल्यावर ती उठते, आई तळघरात येते, आणि ती आईवरच तुटून पडते.